धुऱ्यावरचे दोन साग आणि माजघराची मयाल

जून २०२३च्या पहिल्या मोठ्या पावसात माजघरातली मयाल, म्हणजे छताचं वजन पेलणारी आडवी तुळई, करकरायला लागली. आमच्या वाढईंनी (सुतारांनी) शिडी लावली आणि पटाशी टोचली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. वरून शाबूत दिसणारं लाकूड उधईने (वाळवीने) आतून भुगा केलं होतं. दुसरी मयालही त्याच वाटेवर होती. मागच्या दाराची चौकट तर खालून वीतभर उरलीच नव्हती. आजोबांच्या काळचं कवेलूचं घर, त्यात मी आणि माय दोघीच राहतो. बाबा २०२१मध्ये गेले, भाऊ पुण्यात असतो.

वाढईंनी हिशोब करून दिला: दोन मयाली, एक चौकट, दोन पल्ल्यांचं दार, थोडं किरकोळ, मिळून चौदा घनफूट चिरलेलं सागवान. यवतमाळच्या एका लाकडाच्या दुकानात भाव निघाला ३,४०० रुपये घनफूट, म्हणजे ४७,६०० रुपये.

त्याच आठवड्यात एक ठेकेदार आमच्या धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, दोन साग पाहून गेला आणि दोन्ही उभ्या झाडांचे मिळून १६,००० रुपये सांगून गेला. मार्चमध्येच बल्लारशाहहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं होतं आणि गावोगाव आपल्या सागाची चर्चा होती. पण शेतकऱ्याच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या सागाचा भाव काय, हे तेव्हा मला कळलं. ती रात्र मी वहीवर आकडे मांडण्यात घालवली. ज्यांच्या धुऱ्यावर साग आहे आणि ज्यांना तो उभा विकायचा नाही, त्यांच्यासाठी पुढचं सगळं तारखांसकट लिहिते आहे.

माझा पहिला बेत यंत्राचा होता. पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉला एक लोखंडी चौकट जोडतात आणि ओंडक्याच्या फळ्या काढतात, असे व्हिडिओ मी महिनाभर पाहिले. घेणारच होते. सुदैवाने त्याआधी आमच्या बीटच्या वनरक्षकांशी बोलणं झालं. ते म्हणाले, "ताई, झाड तुमचंच आहे, पण साग आहे ना. कागद केल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. आन् मशीन घ्यायच्या आधी ऑफिसात विचारा."

विचारलं. आरागिरणीची नियमांतली व्याख्या अशी की विजेच्या किंवा यंत्राच्या बळावर जिथे लाकूड चिरलं जातं ती जागा, आणि तिला परवाना लागतो. सुप्रीम कोर्टात जंगलतोडीबद्दलचा गोदावर्मन खटला चालला, त्यातल्या १९९६पासूनच्या आदेशांनंतर हे परवाने फार कडक झाले. अंगणात चार ओंडके चिरायला मी परवान्याच्या भानगडीत पडणार नव्हते, आणि विनापरवाना करून सागाच्या ढिगाशेजारी धाकधूक करत बसायची माझी तयारी नव्हती. परवानाधारक आरामशीनवर नेणं हा सरळ मार्ग होता. पण सगळ्यात जवळची मशीन ४० किलोमीटरवर होती, आणि तिथे आपलं लाकूड आपल्या मापाने, आपल्यासमोर चिरून मिळेल याची खात्री कुणी देईना. मग माय म्हणाली, "तुझ्या आजोबानं हे घर मशिनीवर नेऊन बांधलं होतं काय?" त्या मयाली हाताच्या आऱ्यावर, म्हणजे दोघांनी ओढायच्या मोठ्या करवतीवर, चिरलेल्या होत्या. जवळून पाहिलं तर पटाशी टोचली त्याच मयालीच्या बाजूवर आऱ्याच्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या.

आता कागदपत्रं. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आहे आणि त्याला झाडांची यादी जोडलेली आहे. साग त्यात आहेच. मोह, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, बिजा, ऐन, हळदू, तिवस, अंजन, खैर, चंदन हेही आहेत. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरचं यातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. बाभूळ आणि कडुनिंब या यादीत नाहीत, पण लाकूड गावाबाहेर हलवायचं असेल तर त्यांचंही आधी विचारून घ्या.

वनपरिक्षेत्र कार्यालयात पहिल्यांदा गेले १४ ऑगस्टला. तिथल्या बाबूंनी कागदावर लिहून दिलं: अर्ज, चालू सातबारा, आठ-अ, शेताचा नकाशा, सहहिस्सेदारांची संमती, झाडांची यादी घेरासकट. घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर. मी शिलाईचा टेप नेऊन मोजला: एक झाड १२५ सेंटिमीटर, दुसरं १०४.

माझं घोडं अडलं सातबाऱ्यावर. त्यावर अजून बाबांचंच नाव होतं. वारस नोंद आम्ही आज करू उद्या करू म्हणत दोन वर्षं ठेवली होती. तलाठ्यांकडे अर्ज, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस आणि तिचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. मधे सणांच्या सुट्ट्या. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात आला ३० ऑक्टोबरला. लाकडाचं मनात असो वा नसो, घरातलं माणूस गेलं की वारस नोंद त्याच वर्षी करून घ्या. बाबांचं नाव कागदावरून काढायचं या विचारानेच मायचा हात आखडत होता, हे मला माहीत आहे. मी तिला घाई केली नाही, पण त्याचे अडीच महिने मोजावे लागले.

दुसरा प्रश्न धुऱ्याचा. धुरा दोघांचा, मग झाड कुणाचं? बाबांनी १९९८मध्ये मोजणी करून घेतली होती, तिची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, पत्र्याच्या पेटीत सापडली. त्यात दोन्ही झाडं आमच्या हद्दीत येत होती. तरी शेजारच्या काकांना मी घरी जाऊन सांगितलं आणि शंभराच्या स्टॅम्पवर त्यांची ना-हरकत घेतली. ते म्हणाले, "याची काय गरज होती पोरी?" पण पुढे पंचनाम्याच्या वेळी तोच कागद पहिला मागितला गेला. भावाने संमतीपत्र नोटरी करून पुण्याहून पाठवलं.

७ नोव्हेंबरला अर्ज दिला. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. मधल्या काळात साहेबांची बदली झाली आणि फाइल महिनाभर कुठे होती ते कुणाला सांगता येईना. तेव्हा तो क्रमांक दाखवला म्हणून ती सापडली. २१ डिसेंबरला वनपाल आणि वनरक्षक शेतात आले, घेर मोजले, झाडांवर रंगाने नंबर टाकले, दोन पंचांच्या सह्यांनी पंचनामा केला. ९ फेब्रुवारी २०२४ला परवानगी मिळाली. अटी अशा: दिलेल्या मुदतीत तोडायचं, तोडल्यावर कळवायचं, लाकडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा मारून घेतल्याशिवाय ते हलवायचं नाही, आणि बदल्यात झाडं लावायची. ऑगस्टपासून एकूण नऊ चकरा झाल्या. कुणी पैसे मागितले नाहीत, मी दिले नाहीत.

झाड पाडलं ९ मार्चला, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे जुने लोक अमावास्येच्या सुमारास तोडलेल्या लाकडाला किडा कमी लागतो असं मानतात. त्याचं मला सांगता येणार नाही, पण त्या दिवसांत सागाची पानं झडलेली असतात, फांद्या हलक्या असतात आणि पुढे पाऊस लांब असतो, एवढं खरं. दोन माणसं, दोन दिवस. पडताना जो आवाज झाला, तो घरी मायला ऐकू गेला. ती संध्याकाळी शेतात आली आणि खोडाच्या कापावर हात ठेवून बराच वेळ बसली.

सागाच्या वर्षाच्या कड्या स्पष्ट दिसतात. मी त्या दोनदा मोजल्या, सत्तावन्न भरल्या. बाहेरून बावन्नावी कडी नखाएवढीही नव्हती, नुसती रेघ. बाहेरची कडी २०२३ची धरली तर ती १९७२ची येते, दुष्काळाचं वर्ष. मधेच पाऊस थांबून परत आला तर एका वर्षाच्या दोन कड्या दिसू शकतात, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक असेलही. पण मायने बोट ठेवलं आणि म्हणाली, "हेच ते. त्या वर्षी आम्ही मिलो खाल्ली." मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी ज्वारी.

एक चूक इथे झाली. ठसा मारायला माणसं येईपर्यंत चार दिवस गेले आणि ओंडक्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. मार्चचं ऊन आणि वारा; टोकांना बोटभर लांब चिरा गेल्या. कापल्याच्या दिवशीच तोंडांना शेणमातीचा जाड लेप किंवा जुना ऑइलपेंट लावायला हवा होता. लाकूड टोकांतून सगळ्यात लवकर सुकतं आणि तिथूनच फाटतं. त्या चिरांपायी पुढे प्रत्येक ओंडक्याचे चार-पाच इंच वाया गेले.

ठसे झाले, वाहतुकीचा परवाना झाला, आणि १५ मार्चला चार ओंडके ट्रॅक्टरने अंगणात आले.

लाकूड मोजायची जी रीत व्यापारी वापरतात, ती प्रत्येक शेतकऱ्याला यायला हवी. ओंडक्याच्या मधोमध घेर इंचात मोजा, त्याचा चौथा हिस्सा घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग फुटांतल्या लांबीने गुणून १४४ने भागा. आमच्या मोठ्या ओंडक्याचा घेर ४८ इंच, लांबी १० फूट. चौथा हिस्सा १२, बारा गुणिले बारा १४४, म्हणजे बरोबर १० घनफूट. या रीतीने खऱ्या आकारमानाच्या साधारण ७८ टक्केच लाकूड मोजलं जातं, बाकीचं सालीत आणि सालपटात जाणार असं धरतात. चारही ओंडके मिळून २५ घनफूट भरले. म्हणजे ठेकेदाराचे १६,००० रुपये ६४० रुपये घनफुटाने पडत होते. ही रीत आधी माहीत असती तर त्याच्याशी मी निदान वेगळं बोलले असते.

आरेवाले शोधणं सगळ्यात अवघड गेलं. तीन गावं फिरल्यावर पासष्टीच्या पुढचे एक काका भेटले. ते आणि त्यांचा पुतण्या अशी जोडी. बारा-तेरा वर्षांत त्यांनी आरा धरला नव्हता. जोडीचे दिवसाला १,२०० रुपये आणि जेवण ठरलं. आरा त्यांच्या आढ्याला चिंध्यांत गुंडाळलेला होता. पहिला अख्खा दिवस त्यांनी नुसती कानस चालवली: दात घासले आणि एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवले. पात्यापेक्षा काप जरासा रुंद पडला तरच पातं अडकत नाही.

बल्ल्यांची (जाड वाशांची) कैची बांधून त्यावर ओंडका तिरपा टेकवला, एक टोक जमिनीवर, दुसरं डोक्याच्या वर. सूत गेरूत भिजवून ताणलं आणि टणकन सोडलं की रेघ उमटते. दोन्ही तोंडांवर ओळंब्याने उभ्या रेघा काढून मगच त्या लांबीच्या रेघा जुळवायच्या, नाहीतर फळी एका टोकाला सव्वा इंच आणि दुसऱ्याला पाऊण इंच निघते. एक माणूस वर उभा, एक खाली. काप खाली ओढताना पडतो. सकाळी साडेपाच ते दहा आणि उन्हं कलल्यावर तासदीड तास, एवढंच काम व्हायचं. एप्रिलच्या दुपारी यवतमाळात अंगणात उभं राहवत नाही.

चौथ्या दिवशी पुतण्याला लग्नाला जायचं होतं, म्हणून खाली मी उभी राहिले. अर्ध्या तासात दंड भरून आले. काका वरून म्हणाले, "ताई, आरा वढाचा नसते. त्याले चालू द्याचा. तुम्ही नुसतं संग राहा." ते मला दुसऱ्या दिवशी थोडं कळलं. आरा दाबला की तो रेघ सोडतो; स्वतःच्या वजनाने येऊ दिला की सरळ येतो. त्यानंतर रोज एक-दोन काप मी केले.

सागात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळे दात लवकर बोथट होतात. दर तासाला कानस लागायची. भुसा अंगावर पडून खाज सुटते. माझ्या मानेवर आणि हातांवर पुरळ आलं, ते आठवडाभर राहिलं. खाली उभं राहणाऱ्याने पूर्ण बाह्या, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, डोळ्यांना चष्मा, हे पहिल्या दिवसापासून करावं. काप पुढे गेला की मागे पाचर ठोकत जायचं, म्हणजे लाकूड मिटून पातं धरत नाही.

मयालींबद्दल काकांनी एक गोष्ट सांगितली, ती मुद्दाम लिहिते. ४० इंच घेराच्या ओंडक्यातून आठ बाय आठ काढून तो मधोमध चिरला आणि चार बाय आठच्या दोन मयाली केल्या. त्यामुळे झाडाचा अगदी मधला गर कापात गेला. गर अख्खा आत राहिलेली मयाल सुकताना हमखास फाटते. मोठ्या ओंडक्यातून दारासाठी सव्वा इंची फळ्या काढल्या, बाकी दोन्हींतून चौकटीचं लाकूड. अकरा दिवसांत काम संपलं. चिरलेलं लाकूड भरलं चौदा घनफूट. सालपटं चुलीला, भुसा कोठ्यात जनावरांखाली.

मला वाटलं होतं, इथे मोठं काम संपलं. पण खरी परीक्षा सुकवण्यात होती. वाढईंनी स्पष्ट सांगितलं की वर्षभर लाकडाला हात लावणार नाही.

आधी मी सगळ्या फळ्या पश्चिमेच्या भिंतीला उभ्या टेकवल्या, ऊन लागेल आणि लवकर सुकतील म्हणून. सहा दिवसांत तीन फळ्या वाकल्या आणि एक टोकापासून हातभर फाटली. मग सगळं कोठ्याच्या पडवीत हलवलं, सावलीत पण वाऱ्यावर. जमिनीपासून दीड फूट विटांवर थर रचले, प्रत्येक थरात दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या, सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत, आणि सगळ्यात वर जड दगड. पट्ट्या रेषेत नसल्या तर फळी दोन्हींच्या मधे लवते.

लाकूड सुकलं की नाही हे कळायला यंत्र घेतलं नाही. सव्वा इंची फळीचा सहा इंच रुंद, फूटभर लांब तुकडा ढिगातच ठेवला आणि महिन्यातून एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. एप्रिल २०२४मध्ये १ किलो ३८० ग्रॅम. पावसाळ्यात वजन जवळजवळ हललंच नाही. डिसेंबरपासून तीन महिने ९८५ ग्रॅमवर थांबलं, तेव्हा वाढई हो म्हणाले.

ऑगस्टमध्ये फळ्यांखाली पिठासारखा भुगा दिसला. छातीत धस्स झालं. पाहिलं तर कडेच्या पांढऱ्या लाकडात बारीक भोकं होती. आतल्या तांबूस गाभ्याला एकही नाही. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, बाहेरच्या पांढऱ्याला किडा आणि उधई दोन्ही खातात. दहा लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन हात दिले, हातमोजे घालून आणि जनावरं दूर बांधून. मयालीचं पांढरं तर वाढईंनी नंतर तासूनच टाकलं. आजोबांच्या मयालीत उधई का शिरली, तेही तेव्हा कळलं. तिच्या एका बाजूला पांढरं तसंच सोडलेलं होतं, आणि गळक्या कवेलूंखाली तीच बाजू ओली राहत होती.

खर्च असा झाला: कागद, स्टॅम्प, नोटरी, चकरा मिळून १,४५०, तोडणी २,०००, ट्रॅक्टर १,२००, आरेवाल्यांचे १३,२००, कानस, दोर, पाचरी ९००, औषध आणि जवसाचं तेल १,१००. एकूण १९,८५०. घनफुटाला १,४१८ रुपये पडले. ठेकेदाराकडून जे मिळाले असते ते १६,००० यात धरले, तर ३५,८५० होतात. आरेवाल्यांचं जेवण घरचं होतं, माझी मेहनत आणि पावणेदोन वर्षांची वाट यांचीही किंमत मी लावलेली नाही. घाई असेल तर दुकानातलं लाकूडच घ्यावं लागेल.

एप्रिल २०२५मध्ये वाढई कामाला लागले. कवेलू उतरवून मयाली चढवायला चार माणसं आणि दोन दिवस लागले. मागचं दार बसलं ३० एप्रिलला, अक्षय तृतीयेच्या दिवशी. आरेवाले काका आले होते. त्यांनी दाराच्या फळीवर तळहात फिरवला आणि जिथे आऱ्याने रेघ थोडी सोडली होती ती जागा रंध्यानंतरही बरोबर ओळखली. तो काप माझा होता.

बदल्याची झाडं धुऱ्यावरच लावली. शिवाय तोडलेल्या दोन्ही बुंध्यांना पहिल्याच पावसात धुमारे फुटले होते. त्यातला एकेक सरळ ठेवून बाकीचे काढले. वनरक्षक पाहायला आले तेव्हा मोठ्या बुंध्यावरचा त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता.

जुलैत पाऊस लागला आणि दार खालून घासायला लागलं. मी रंधा मागितला, तर वाढई म्हणाले, "दिवाळीपर्यंत हात लावू नका, ते परत बसते." दिवाळीच्या आधी आठ दिवस ते घासायचं थांबलं. माय आता रात्री एका बोटाने दार लोटून घेते.